दार आपटण्याची वेळ

बोरिवलीच्या आमच्या घरात पश्चिमेला एक मोठी खिडकी आहे आणि तिच्या समोरासमोर, पॅसेजच्या टोकाला, स्वयंपाकघराचं दार. उन्हाळ्यात दुपारी कधीतरी हे दार धाडकन आपटतं. पाहुणे दचकतात. आई घड्याळाकडे बघते, कॅलेंडरपाशी जाते, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल उचलते आणि त्या तारखेच्या चौकटीत लिहिते : दार १२.४०. त्याच चौकटीत दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर लावल्याची खूण असते, कोणाचं तरी लग्न असतं. आणि मे महिनाभर, रोज, दार.

दार म्हणजे खारा वारा. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनीच ते पाठ केलेलं असतं. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी समुद्रावरची हवा आत येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, वारा उलटा फिरतो, ते मतलई. दोन मार्कांचा प्रश्न. आई मात्र सिन्नरची. लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत, वारा रोज ठरल्यासारखा दिशा बदलतो, हे तिला माहीतच नव्हतं. बाबा केळव्याचे, किनाऱ्यावर वाढलेले. या घरात राहायला आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात ते तिला म्हणाले, "दार आपटलं की खारा वारा आत आला. मग गच्चीवर गेलीस तरी चालेल."

आईनं ती खूण घेतली, पण उलट्या कामाला. बाबांना दार लवकर आपटायला हवं असे, आईला जितकं उशिरा तितकं बरं. खारा वारा गारवा आणतो तशी ओलही आणतो. मेमध्ये अरबी समुद्राचं पाणी आमच्या किनाऱ्याला तीसेक अंशांपर्यंत तापलेलं असतं, आणि त्याच्यावरून आलेली हवा ओल्या पंचासारखी अंगाला लागते. तिनं माणसाला हुश्श होतं आणि कुरडई मऊ पडते. सिन्नरला कुरडई दीड दिवसात कडक होते, असं आई अजून सांगते. इथे तीन दिवस धरायचे, तेही दारानं साथ दिली तर.

यंदाच्या मेमधला एक आठवडा मला लिहून ठेवायचा आहे. बातमीत यावं असं त्यात काही घडलं नाही. वादळ नव्हतं, विक्रम नव्हता. रोज संध्याकाळी हवामान खात्याचं तेच एक वाक्य येत होतं : उत्तर कोकणात तुरळक ठिकाणी हवामान उष्ण व दमट राहण्याची शक्यता. आपण मुंबईकर सुट्टीत 'कोकणात' जातो. हवामानाच्या नकाशात मात्र आपण कोकणातच राहतो. पालघर, ठाणे, मुंबई, रायगड हा एकच पट्टा, एकच समुद्र आणि मागे एकच सह्याद्री. ते वाक्य वाचताना मला दर वेळी वाटतं, हे आपल्या घराबद्दल आहे.

रविवारी संध्याकाळी आई गव्हाची पिशवी मांडीशी घेऊन बसली होती. गहू भिजत घालायचे की नाही?

कुरडया ज्यांनी घातल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस पाण्यात राहतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचे, फडक्यातून गाळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं, मीठ-हिंग घातलेल्या आधणात चीक शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. म्हणजे रविवारी गहू भिजवणं हे गुरुवारच्या, शुक्रवारच्या, शनिवारच्या उन्हावर भरवसा टाकणं असतं. एकदा गहू फुगले की मागे फिरता येत नाही.

"मोबाइल काय म्हणतो?" आईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. कमाल ३४-३५, किमान २८. दमट.

"ते राहू दे. वारा कुठला?"

बाणाचं टोक बघून सांगितलं, मंगळवारपर्यंत उत्तरेचा-पूर्वेचा, मग पश्चिमेचा. ती थोडा वेळ काही बोलली नाही. २०२५चा मे आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, ११ जून या नेहमीच्या तारखेच्या सोळा दिवस आधी. त्या महिन्यात कुलाब्याला इतका पाऊस झाला की १९१८चा मे महिन्याचा विक्रम मोडला. दोन किलो गव्हाच्या कुरडया पंख्याखाली वाळवता वाळवता आंबल्या. आईनं त्या स्वतः खाली नेऊन टाकल्या आणि वर आल्यावर बराच वेळ हात धूत राहिली.

"घालते," ती म्हणाली आणि उठली.

सोमवारी दार १२.४०. लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

मंगळवारी अकरा वाजले, बारा वाजले, दार गप्प. सकाळपासून वारा पूर्वेकडून येत होता, संजय गांधी उद्यानाच्या डोंगरावरून, वाळक्या पानांचा आणि तापल्या दगडाचा वास घेऊन. असे दिवस ओळखू येतात. ओठ फुटतात, दोरीवरचे टॉवेल तासाभरात पापडासारखे कडक होतात, आणि ऊन सावलीतही शोधून काढतं. पूर्वेचा हा कोरडा वारा आणि समुद्राचा ओला वारा यांची मुंबईच्या डोक्यावर रस्सीखेच चाललेली असते. समुद्र अकरापर्यंत जिंकला तर पारा तेहतीस-चौतीसला थांबतो. त्याला दोन वाजले तर तोपर्यंत शहर भाजून निघालेलं असतं. सांताक्रूझच्या नोंदीतला सगळ्यात मोठा आकडा ४२.२ अंश आहे, १४ एप्रिल १९५२चा. मार्चमधला ४१.७, २८ मार्च १९५६चा. दोन्ही मेमधले नाहीत, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता कळतं. मार्च-एप्रिलमध्ये खारा वारा अजून कच्चा असतो, पूर्वेच्या वाऱ्यापुढे त्याचं चालत नाही. मेमध्ये तो अंगानं भरलेला असतो, सहसा वेळेवर येतो.

त्या मंगळवारी तो आला १.५५ला. पारा सदतीसच्या आसपास गेला होता. किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणायला निदान ३७ अंश लागतात, शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त हवे असतात. मैदानी मुलखात ४० धरतात. हा फरक मला नेहमी समंजस वाटत आलाय. कोणीतरी, कुठल्यातरी कचेरीत बसून, किनाऱ्यावरच्या माणसाला कमी आकड्यातही त्रास होतो हे मान्य केलंय.

दुपारी अकोल्याहून मावसबहिणीचा फोन आला. त्यांच्याकडे ४४. "सदतीसचं काय घेऊन बसलीस," ती हसली, "कूलरपुढे बस नं!" कूलर मुंबईत चालत नाही, हे तिला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. कूलर चालतो तो पाणी हवेत उडून जाण्यावर. माठाचंही तेच. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, उडतं, आणि उडताना आतलं पाणी गार करतं. अकोल्याच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी दाताला लागतं. आमचा माठ ओट्यावर ठेवला की खाली थारोळं होतं आणि पाणी जेमतेम निवलेलं. हवेत आधीच इतकं पाणी असतं की आणखी घ्यायला जागा नसते. त्या मंगळवारी मात्र माठ गार होता. आईनं सकाळी घातलेला बटाट्याचा कीस चार वाजता हातात घेतला तर तो कडकड वाजला. ती खूष होती. मला डोकं दुखत होतं आणि ती खूष होती, आणि दोघींच्या अंगावरून गेलेला वारा एकच.

आईनं मेची पानं जपून ठेवली आहेत. बाकीचे महिने रद्दीत जातात, मे फाडून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्या दुपारी झोप येईना म्हणून मी ती पिशवी काढली. १७ मे २०२१च्या चौकटीत लिहिलंय : तौक्ते. गच्ची बंद. दार दिवसभर. ते चक्रीवादळ त्या दिवशी मुंबईजवळून समुद्रातून वर गुजरातकडे गेलं होतं आणि आम्ही खिडक्यांच्या फटीत जुन्या साड्या कोंबत होतो. एका पानावर नुसतं 'उकाडा' तीनदा. एका पानावर माझ्या भावाच्या मुलीचा जन्म आणि त्याखाली दार ११.१५.

या पानांवरून हवामान बदललं असं काही सिद्ध करावं, असा मोह मला झाला होता. आकडे मांडूनही बघितले. गेल्या काही वर्षांत दार सरासरीनं उशिरा आपटतं. पण आमच्या पश्चिमेला आता बावीस मजली टॉवर उभा आहे. तो बांधून होईपर्यंत खिडकीतून लांबवर खाडीची चमक दिसायची. आता वाऱ्याला वळसा घालून यावं लागतं. वारा बदलला की त्याची वाट, हे एका दारावरून सांगता येणार नाही. त्यासाठी वेधशाळा लागते, जिच्याभोवती कोणी भिंत उभी करत नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. आणि कुलाबा, सांताक्रूझ या दोन जागासुद्धा एकच मुंबई सांगत नाहीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा कुलाब्याला ७३ झाला होता. कुलाबा तिन्ही बाजूंनी समुद्रात, त्याचे दिवस सौम्य. आमची बोरिवली डोंगराच्या कुशीत, दोघांपेक्षाही वेगळी. म्हणून आईची पानं मला विज्ञान म्हणून नाही, पण आमच्या घराची साक्ष म्हणून हवी आहेत. या खिडकीतून, या दारापर्यंत, या दिवशी वारा किती वाजता पोचला, हे जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

बुधवारी गहू वाटले. आंबूस वास घरभर. त्याच दिवशी वसईला एक लग्न होतं, मी एकटीच गेले. भाईंदर सुटल्यावर खाडीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे मिठागरं दिसतात. आरशासारखे चौकोन, बांधांवर पांढरे ढीग, आणि मध्ये वाकून काम करणारी माणसं, डोक्याला फडकं गुंडाळलेली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार. बाकी सगळं पाणी उन्हानं आणि वाऱ्यानं उचलून न्यायचं असतं. वळवाची एक सर आली की आठवड्याचं मीठ पुन्हा पाणी. मी लोकलच्या दारातल्या वाऱ्याला उभी राहून तोंडावर खारी हवा घेत होते. मला बरं वाटत होतं, आणि तिकडे बांधावरच्या माणसांना हीच हवा नको असणार, हे माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. परतताना स्टेशनबाहेर ताडगोळे घेतले. विकणारी बाई सकाळपासून तिथेच, अंगावर सावली फक्त छत्रीएवढी.

गुरुवारी आई साडेतीनला उठली.

चीक शिजताना हात थांबवायचा नसतो. लाकडी उलथनं घेऊन मी हाटत होते, आई बाजूला उभी राहून "गुठळी, गुठळी" म्हणत होती. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात ३० अंश, गॅस पेटलेला, पंखा बंद कारण ज्योत हलते. घाम कोपरावरून पातेल्यात पडेल म्हणून मी दंडाला पंचा बांधला होता. चीक पारदर्शक झाला, चकाकायला लागला, तेव्हा आईनं वाटीभर काढून त्यात दूध आणि गूळ घालून मला दिला. तो गरम, बुळबुळीत, गोड घास मी पाच वर्षांची असल्यापासून याच वेळी खात आलेय, आणि त्याच्यासाठी मी आणखी शंभर पहाटे उठेन.

सहाला सूर्य वर आला तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. बाबांची जुनी धोतरं अंथरलेली, चार कोपऱ्यांवर विटा. सोऱ्या दाबायचं काम माझं, कारण आईच्या मनगटात आता तेवढा जोर नाही. गोल फिरवून तोडायचं काम तिचं, कारण माझ्या हातून कुरडई गोल येत नाही. एकशे बारा कुरडया पडल्या. कावळ्यांसाठी काळं फडकं, कबुतरांसाठी आई स्वतः, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाट टाकून.

साडेदहाला खाली धाडकन आवाज झाला. गच्चीपर्यंत ऐकू आला.

आईनं माझ्याकडे बघितलं. इतक्या लवकर. पश्चिमेकडून वारा असा उठला होता की धोतराचे काठ फडफडत होते, आणि त्याच्या अंगात ओल होती. दुपारी कुरडया वरून सुकल्यासारख्या दिसत होत्या. उलटून पाहिल्या तर खालून बोट चिकटत होतं. चौकटीत लिहिलं गेलं : दार १०.३०. त्याच्यापुढे आईनं एक आडवी रेघ मारली. ती रेघ मी ओळखते.

शुक्रवार १५ मे. शून्य सावलीचा दिवस. सूर्य उत्तरायणात आमच्या किनाऱ्यानं वर वर सरकत येतो. रत्नागिरीच्या बरोबर डोक्यावर मेच्या ७-८ तारखेला, मुंबईच्या १५-१६ला, डहाणूच्या १९-२०च्या सुमारास. परतताना तो जुलैच्या शेवटी पुन्हा मुंबईच्या माथ्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे त्याची भेट क्वचितच होते. मे मात्र चुकत नाही. मी स्टीलचा उंच पेला गच्चीच्या कठड्यावर उभा ठेवला आणि आम्ही दोघी बघत बसलो. सावली आखडत गेली आणि १२.३५च्या सुमाराला पेल्याच्या बुडाखाली नाहीशी झाली.

बारा वाजता का नाही, असं आईनं विचारलं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची, आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. देशानं १९०६ला घड्याळं एक केली तरी हे शहर १९५५पर्यंत आपली 'बॉम्बे टाइम' वापरत राहिलं. "म्हणजे सूर्य अजून जुन्याच वेळेनं येतो," आई म्हणाली. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी तिथेच मोबाइलमध्ये टिपून ठेवलं.

आणि ते टिपत असतानाच ती उठली आणि टाकीच्या भिंतीला टेकली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हात गार, चिकट. मी तिला खाली कसं आणलं ते नीट आठवत नाही. शेजारच्या काकू आणि मी मिळून. पंख्याखाली आडवी केली, पाय उशीवर, ओल्या फडक्यानं मान, काखा, तळपाय पुसत राहिलो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट करून दिलं. समोरच्या इमारतीतले डॉक्टर आले, रक्तदाब बघितला, बरेच रागावले. तासाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. पहिला प्रश्न, "कबुतरं?"

त्या दिवशी पारा ३४ होता. चौतीस. मंगळवारी ३७च्या कोरड्या उन्हात ती दिवसभर गच्चीवर चढउतार करत होती आणि तिला काही झालं नव्हतं. शुक्रवारी तीन अंश कमी आणि ती पडता पडता वाचली. रात्री तिच्या उशाशी बसून मी याच्यावरच विचार करत होते. घाम येण्यानं अंग गार होत नाही, घाम वाळण्यानं होतं. नुसता येत राहिला आणि वाळला नाही तर शरीर पाणी आणि मीठ घालवतं आणि बदल्यात काहीच मिळत नाही. माठाचं तेच, कूलरचं तेच. आणि शेजारच्या खोलीत पंख्याखाली पसरलेल्या त्या एकशे बारा कुरडयांचंही तेच. ज्या हवेत कुरडई वाळत नाही त्या हवेत माणूसही वाळत नाही. आईनं आयुष्यभर दाराच्या वेळा कुरडईसाठी लिहिल्या. ती चौकटीत स्वतःचीच तब्येत लिहीत होती, हे मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं.

१६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात, उघड्यावरच्या सोहळ्यात, उष्माघातानं माणसं गेली. चौदा. त्या दिवशीही पारा चाळिशीच्या आतच होता. आपण किनाऱ्यावरची माणसं आकड्याला फसतो. नागपूर, चंद्रपूरचे आकडे वाचून आपल्याला वाटतं, आपलं बरं आहे. मला आता त्या 'उष्ण व दमट' या दोन शब्दांची भीती वाटते, आणि ती वाटायला हवी असंही वाटतं. आमच्या पश्चिमेच्या टॉवरशेजारी आणखी एक उभा राहतोय. शुक्रवारी दुपारी दीड वाजता, मी आईला पुसत असताना, खिडकीतून त्याच्या अठराव्या मजल्यावर सळया बांधणारी मुलं दिसत होती. त्यांना कोणी विचारलं असेल का की वारा कुठला? त्यांच्या मुकादमाच्या हातात असा एखादा कागद असतो का, की आज हवा अशी आहे, बारा ते चार कोणी वर चढायचं नाही? ते मोठ्यानं विचारायला मी शनिवारी सकाळी त्या गेटवर गेले. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं, एवढंच. मी पुन्हा जाणार आहे.

तिथूनच पुढे गोराईला गेले. आईला घरात झोपवलं होतं, काकू सोबतीला होत्या, आणि आगोट भरायची राहिली होती. पावसाळ्याच्या आधी घरात सुकी मासळी, मीठ, मसाला, पापड असं सगळं भरून घ्यायचं, ती आगोट. बाबांच्या घरचा शब्द. सिन्नरच्या माझ्या आईनं तो इतका आपलासा केलाय की आता तीच मला विचारते, "आगोट झाली का?" जेट्टीवरून खाडी ओलांडताना पाण्यावर वारा चांगला होता. पलीकडे गावात वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळत घालायच्या दांड्यांवर, शेवटचे बोंबील लटकत होते, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं. ज्या मावशींकडून आम्ही वर्षानुवर्षं घेतो त्यांनी एक बोंबील मोडून दाखवला, नाकाशी धरायला दिला. आठ दिवसांपूर्वीचा माल ठणठणीत, काल-परवाचा नाही. ओल्या वाऱ्यात तो आतून सुकत नाही, वास धरतो. एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. काही होड्या आधीच किनाऱ्यावर ओढून शाकारायला घेतल्या होत्या. मी म्हटलं, यंदा वारा लवकर फिरला. त्या म्हणाल्या, फिरला नाही अजून, रात्री अजून जमिनीचाच असतो. रात्रीचा थांबला की समजायचं.

हेच आई म्हणते. तिच्या शब्दांत : रात्री दार आपटायला लागलं की वाळवण आवरायचं. मान्सून जवळ आला की नैर्ऋत्येचा प्रवाह इतका जोर धरतो की मतलई वाऱ्याला डोकं वर काढता येत नाही. दिवस काय नि रात्र काय, वारा समुद्राचाच. सिन्नरची बाई आणि गोराईची बाई, एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत, आणि दोघी एकाच खुणेवर येऊन थांबल्या होत्या.

शनिवारी दार १०.५०. कुरडया सकाळी साडेसात ते साडेदहा गच्चीत, मग घरात पंख्याखाली, टेबलावर, पलंगावर, माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर. आईला मी उठू दिलं नाही. ती पलंगावरून सूचना देत राहिली. कडेच्या आधी उलट, मधल्या नंतर. धोतर बदल, ते ओलं झालंय. रविवारीही तसंच, सकाळचं तीन तासांचं ऊन जणू उसनं आणल्यासारखं वापरलं. दुपारी ईशान्येला, सह्याद्रीच्या बाजूला, काळे ढग चढले. गडगडाट ऐकू आला. कुठेतरी शहापूरकडे वळीव पडत असावा. आमच्याकडे नुसता मातीचा वास आला आणि गेला.

संध्याकाळी आईनं एक कुरडई हातात घेतली, कानाशी धरली आणि मोडली. कट्. दुसरी. कट्. मी कढईत तेल तापवलं. कुरडई तेलात पडली, क्षणभर तळाशी गेली, आणि मग सगळ्या बाजूंनी एकदम उघडत, पांढरीशुभ्र, कढईभर फुलली. एकशे बारामधल्या नऊ पिवळ्या पडल्या होत्या, त्या मी आईला न दाखवता वेगळ्या ठेवल्या. तिनं मोजल्या आणि एकशे तीन म्हणाली, आणि माझ्याकडे बघून पुढे काही विचारलं नाही. डबा भरला, झाकणाखाली कागद घातला, वर तारीख.

रात्री हवा हलत नव्हती. किमान २९. उशी उलटी केली तरी दुसरी बाजूही तेवढीच गरम. केव्हातरी डोळा लागला असावा, कारण आवाजानं मी उठून बसले. पॅसेजच्या टोकाला दार आपटलं होतं. खिडकीचा पडदा आत, पार खोलीच्या मध्यापर्यंत आला होता आणि खाडीचा वास घरात शिरला होता. मी अंधारात मोबाइल चाचपला.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, अगदी जागा.

"किती वाजले गं?"

"दोन पंचवीस."

"बरं," ती म्हणाली. "सकाळी लिहू."